होसकोटे ते कोतागेदे : ‘कोट’ या शब्दाचा राजकीय प्रवास

१

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने कोलारकडे जाताना पंचवीस-तीस किलोमीटरांवर होसकोटे हे तालुक्याचे गाव लागते. कन्नड जाणणाऱ्याला या नावाची फोड करून सांगावी लागत नाही. ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे किल्ला. मलय द्वीपकल्पाच्या ईशान्य किनाऱ्यावरील केलांतान राज्याच्या राजधानीचे नाव ‘कोता भारू’ आहे. इंडोनेशियात दक्षिण कालिमंतानमध्ये ‘कोताबारू’ नावाचा जिल्हा आहे. पापुआतील ज्या शहराला आज जयपुरा म्हणतात त्याचे ‘हॉलंडिया’ हे डच नाव १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी बदलले गेले, तेव्हा काही काळ त्यालाही ‘कोताबारू’ म्हणत. या नावांचे घटक होसकोट्याच्या नावाचेच आहेत : कोट आणि नवा. मलय-इंडोनेशियन भाषेत विशेषण नामाच्या मागून येते, एवढाच रचनेतला फरक.

अर्थ मात्र एक राहिलेला नाही. होसकोटे म्हणजे ‘नवा किल्ला’. केलांतानच्या राजधानीचे नाव एकोणिसाव्या शतकातले असल्यामुळे त्यातही किल्ल्याचा अर्थ जागा आहे. पापुआतील कोताबारूचा अर्थ मात्र ‘नवे शहर’ असा झाला. किल्ल्याचे शहर कसे झाले, आणि आपल्याकडे ते तसे का झाले नाही, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी इंडोनेशियन भाषेतील राजकीय शब्दांची यादी श्रोत्यांपुढे ठेवली होती : नेगारा, राजा, मेंतेरी, बांग्सा, बुपाती, कोता. नगर, राजा, मंत्री, वंश, भूपति आणि कोट्ट ही त्यांची मुळे सांगून, या द्वीपसमूहाची राज्यविषयक परिभाषा संस्कृतने घडवली असा निष्कर्षही मी काढला. व्याख्यानानंतर एका कन्नडभाषक विद्यार्थिनीने विचारले, “सर, ‘कोटे’ हा शब्द संस्कृत कधी झाला?” मला त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढील विवेचन हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

२

प्रथम इंडोनेशियातील आजचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. ‘कोता’ या उच्चारामुळे मराठी वाचकाला ‘कोती बुद्धी’ किंवा ‘कोता विचार’ यांतील विशेषण आठवेल. ते फारसी ‘कोताह’वरून आलेले असून त्याचा येथे संबंध नाही.

इंडोनेशियन भाषेत ‘कोता’ हा शहरासाठीचा सर्वसामान्य शब्द आहेच. शिवाय ती कायद्याने निश्चित केलेली राजकीय संज्ञाही आहे. प्रांताच्या खालच्या पातळीवर दोन प्रकारचे प्रदेश असतात. ग्रामीण मुलूख प्रामुख्याने ज्यात येतो तो ‘काबुपातेन’ आणि नागरी स्वरूपाचा तो ‘कोता’. काबुपातेन हा शब्द ‘बुपाती’पासून, म्हणजे आपल्या ‘भूपति’पासून साधलेला आहे. मराठीत भूपती म्हणजे राजा. तिकडे तो जिल्ह्याचा प्रमुख झाला. कोताच्या प्रमुखाला ‘वालिकोता’ म्हणतात. आज देशात ४१६ काबुपातेन आणि ९८ कोता आहेत. त्यांत जाकार्ताच्या पोटातील पाच प्रशासकीय कोतांचाही समावेश होतो. राजधानीला ‘इबू कोता’ म्हणतात. इबू म्हणजे आई.

या संज्ञेला हे स्थान एकाएकी मिळालेले नाही. डच सरकारने १९०३ मध्ये विकेंद्रीकरणाचा कायदा केला आणि १९०५ मध्ये बाताव्हियासह काही शहरांना नगरपालिका दिल्या. त्यांचे नाव ‘गेमेंते’ हे डच होते. जपानी अंमलात, १९४२ पासून, त्याच संस्थांना जपानी ‘शी’ हे नाव मिळाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने ‘कोता बसार’ आणि ‘कोता कचिल’, म्हणजे मोठे शहर आणि लहान शहर, असे वर्ग केले. १९५७ च्या कायद्यात ‘कोताप्राजा’ आले, १९६५ मध्ये ‘कोतामाद्या’. प्राजा म्हणजे आपली प्रजा आणि माद्या म्हणजे मध्य. १९७४ च्या कायद्यातही कोतामाद्या टिकले. सुहार्तो यांची राजवट संपल्यावर १९९९ चा बाविसाव्या क्रमांकाचा प्रादेशिक शासनाचा कायदा झाला. त्याने सगळी उपपदे गाळली आणि नुसता ‘कोता’ ठेवला. पुढल्याच वर्षी, २००० मध्ये, राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने प्रांतांची विभागणी काबुपातेन आणि कोता यांत होईल असे अठराव्या कलमात लिहिले गेले. १९४५ च्या मूळ घटनेत हा शब्द राजधानीच्या संदर्भात ‘इबू कोता’ या जोडशब्दाच्या रूपाने होता. पंचावन्न वर्षांनी तो स्वायत्त स्थानिक सत्तेचे नाव म्हणून स्वतंत्रपणे घटनेत आला.

डच व जपानी संज्ञा गेल्या आणि त्यांच्या जागी हा जुना शब्द आला, याला तेथील राजकारणात अर्थ आहे. नव्या प्रजासत्ताकाला परक्या सत्तेचे नाव नको होते. ‘कोता’ हा शब्दही एके काळी बाहेरून आला होता. परंतु तो इतका मुरलेला होता की परकेपणाची जाणीव कोणाला उरली नव्हती. उसन्या शब्दाचे स्वकीय होणे म्हणजे काय, याचे हे स्पष्ट उदाहरण म्हणता येईल.

३

आता मूळ शब्दाकडे वळू. संस्कृत कोशांत ‘कोट’, ‘कोट्ट’ आणि ‘कुट’ अशी रूपे किल्ल्याच्या अर्थाने मिळतात. परंतु प्राचीन संस्कृत वाङ्मयात हा शब्द रूढ नाही. वैदिक वाङ्मयात ‘पुर्’ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याच्या सात अंगांपैकी एक अंग ‘दुर्ग’ आहे. ‘कोट्ट’ उत्तरकालीन वाङ्मयात ठळकपणे दिसू लागतो. बाराव्या शतकातील कल्हणाच्या राजतरंगिणीत लोहरकोट्टासारखी नावे त्याची साक्ष देतात.

द्राविड भाषांत चित्र वेगळे आहे. तमिळ ‘कोट्टै’, कन्नड ‘कोटे’, तेलुगू ‘कोट’ अशी त्याची रूपे रोजच्या वापरात आहेत. थॉमस बरो आणि मरी एमेनो यांच्या १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व १९८४ मध्ये सुधारून निघालेल्या द्राविड व्युत्पत्तिकोशाने ही रूपे एकत्र मांडली. संस्कृतमधील ‘कोट्ट’ हा द्राविड भाषांतून घेतलेला शब्द असावा, हे मत आज सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा रोख बरोबर होता. माझ्या यादीतील बाकी शब्दांना मी जो न्याय लावला तो या शब्दाला लागू पडत नव्हता. संस्कृतने जो शब्द पुढे उसना दिला, तो तिने स्वतःच उसना घेतलेला होता.

समुद्र ओलांडण्यापूर्वी या शब्दाने जमिनीवर मोठा प्रवास केला. सियालकोट, पठाणकोट, राजकोट ही उत्तरेकडची आणि पश्चिमेकडची नावे. बागलकोट, अक्कलकोट ही दख्खनची. मालवणच्या किनाऱ्यावर राजकोट आणि सर्जेकोट आहेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला लागूनही एक सर्जेकोट आहे. ज्या भाषेने हा शब्द स्वीकारला त्या भाषेने त्याला आपले प्रत्यय दिले आणि त्याचे मूळ विसरून गेली. मराठीनेही तेच केले.

४

हा शब्द द्वीपसमूहात कोणत्या वाटेने गेला? कर्नाटकाच्या बाजूने विचार करणाऱ्याला एक मोहक शक्यता दिसते. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारुसजवळ लोबू तुआ येथे १०८८ मधील तमिळ शिलालेख सापडला आहे. तो ‘ऐन्नूर्रुवर’ म्हणजे पाचशेंच्या व्यापारी श्रेणीचा आहे आणि या श्रेणीची परंपरा कन्नड मुलखातील ऐहोळेशी जोडली जाते. तेव्हा कोटे हा शब्द दख्खनच्या व्यापाऱ्यांनीच नेला, असे म्हणण्याची इच्छा होते. परंतु व्यापारी गेले म्हणजे अमुक शब्द त्यांनीच नेला असे सिद्ध होत नाही. शब्दाचे रूप काय सांगते ते पाहिले पाहिजे.

मलय भाषेत तमिळमधून आलेल्या शब्दांच्या अंती असलेला ‘ऐ’ बहुधा टिकतो. दुकानाला तमिळमध्ये ‘कडै’ म्हणतात. मलय शब्द ‘कडाइ’ आहे. हाच नियम लागू केला तर ‘कोट्टै’चे मलय रूप ‘कोताइ’ व्हायला हवे होते. प्रत्यक्षात ते ‘कोता’ आहे. केवळ अंत्य स्वरावरून तेलुगू ‘कोट’ वगळता येत नाही. परंतु जुन्या जावानीजमध्ये हा शब्द ‘कुट’ या रूपात येतो, आणि तोही संस्कृत शब्दांनी भरलेल्या राजदरबारी काव्याच्या भाषेत. तेव्हा संस्कृत-प्राकृताची वाट अधिक संभवनीय ठरते. यान गोंडा यांच्या ‘संस्कृत इन इंडोनेशिया’ (१९५२) या ग्रंथापासून ते रसेल जोन्स यांनी २००७ मध्ये संपादित केलेल्या मलय-इंडोनेशियन उसनवार शब्दांच्या कोशापर्यंत या प्रकारच्या शब्दांचा अभ्यास बारकाईने झालेला आहे.

ध्वनीची आणखी एक खूण लक्षात घेण्याजोगी आहे. मलय आणि इंडोनेशियन भाषांत आपला मूर्धन्य ‘ट’ नाही. म्हणून त्यांनी ‘कोता’ असा दंत्य उच्चार केला. जावानीज भाषेत मात्र मूर्धन्य ध्वनी आहे आणि तेथे हा शब्द आजही ‘ट’ राखून, शेवटचा स्वर ‘ऑ’कडे झुकवून, ‘कुटॉ’ असा उच्चारला जातो. होसकोट्याच्या बाजारातला ‘ट’ आणि योग्यकर्त्याच्या बाजारातला ‘ट’ यांत आजही विलक्षण साम्य आहे. अर्थ मात्र दोन्हीकडे वेगवेगळे झाले.

५

अर्थ केव्हा वेगळा झाला याचा माग साहित्यातून काढता येतो. मजपहित राज्याचे वर्णन करणारे प्रपंच या कवीचे ‘नागरकृतागम’ हे काव्य १३६५ मधील आहे. ‘देशवर्णन’ हेही त्याचे नाव. त्याच्या आठव्या सर्गात राजधानीचे वर्णन येते. तेथे ‘कुट’ म्हणजे राजनिवासाला वेढणारी लाल विटांची जाड, उंच भिंत. जुन्या मलय कथनांतही कोता म्हणजे तट किंवा लाकडी मेढेकोट. त्याच्या आतबाहेर पसरलेली वस्ती आणि तिच्या ताब्यातील मुलूख यांना ‘नगरी’ म्हणत. फिलिपिन्समध्येही ‘कुता’ म्हणजे किल्लाच राहिला. मिंदानाओतील कोताबातो या नावाचा अर्थ ‘दगडी किल्ला’ असा आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस मध्य जावात मातारामच्या नव्या सत्तेने आपले पहिले ठाणे वसवले. त्याचे नाव ‘कोतागेदे’, म्हणजे मोठा कोट. राज्यकर्ता पानेंबाहान सेनापती याच्या पदवीतला ‘सेनापती’ आपल्या ओळखीचा आहे. त्याच सुमारास, १५९५ च्या आसपास, सुगटूरच्या तम्मेगौडाने होसकोट्याचा किल्ला बांधला. एक ‘नवा’ आणि एक ‘मोठा’ : एकाच पिढीतील हे दोन कोट एकमेकांशेजारी ठेवून पाहिले म्हणजे दोन समाजांतील फरक समजतो.

कोतागेदे येथे राजवाडा, मशीद, राजघराण्याची समाधिस्थाने आणि बाजार हे सारे एका सत्ताकेंद्राचे घटक होते. भिंतीचे अवशेष आजही तेथे दिसतात. राजा जेथे राहील ते राज्याचे मध्य; राज्याची कड कोठे आहे हा प्रश्न गौण. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९७२ च्या निबंधात जावानीज सत्तेची कल्पना दिव्याच्या प्रकाशासारखी असल्याचे दाखवले : मध्याशी प्रखर आणि दूर जाताना मंद होत जाणारी. क्लिफर्ड गिअर्ट्झ यांच्या बालीवरील ‘नेगारा’ (१९८०) या ग्रंथाचे तर नावच आपला ‘नगर’ आहे. राजवाडा, राजधानी, राज्य हे सगळे अर्थ तो एक शब्द वाहतो, हे त्यांनी सुरुवातीलाच नोंदवले आहे.

येथे एक क्रम दिसतो. आपल्याकडे ‘नगर’ म्हणजे शहर. तिकडे ते राज्य झाले. आपल्याकडे ‘कोट’ म्हणजे किल्ला. तिकडे तो शहर झाला. दोन्ही शब्द एकेक पायरी वर चढले. ‘इबू कोता नेगारा’ म्हणजे राष्ट्राची राजधानी या पदात दोन्ही चढलेले शब्द शेजारी उभे आहेत. २०२२ च्या कायद्याने पूर्व कालिमंतानमधील नियोजित राजधानीला नुसांतारा हे नाव दिले, त्या कायद्याचा विषयही याच पदाने सांगितला जातो. मराठी कानाला ते ‘नगराच्या कोटाची आई’ असे काहीतरी विपरीत ऐकू येते. इंडोनेशियन माणसाच्या मनात मात्र किल्लाही नसतो आणि नगरही नसते.

‘नगर’ वर चढल्यामुळे शहराच्या अर्थाची जागा मोकळी झाली आणि ‘कोता’ तेथे आला, असे सुटसुटीत स्पष्टीकरण देता येईल. ते अपुरे आहे. मलय भाषेत शहरासाठी आणखी एक शब्द होता, ‘बांदार’. हा फारसी मूळचा, आपल्या ‘बंदर’ या शब्दाचा सख्खा भाऊ. मलेशियाने शहरासाठी तोच पुढे चालवला. मोठ्या शहराला तेथे ‘बांदाराया’ आणि महापौराला ‘दातुक बांदार’ म्हणतात. ब्रुनेईच्या राजधानीच्या नावातही तो आहे. म्हणजे एकाच भाषेच्या दोन प्रमाणित रूपांपैकी एकाने शहर बंदरावरून ओळखले, दुसऱ्याने कोटावरून. शब्दसंपत्तीत दोन्ही पर्याय होते. निवड राजकीय इतिहासाने केली.

त्या इतिहासात डचांचा वाटा मोठा आहे. १६१९ मध्ये यान पीटरसून कून याने जयकर्ता उद्ध्वस्त करून तेथे बाताव्हिया वसवले. ते तटबंदीचे शहर होते. राहणे, व्यापार, न्यायनिवाडा हे सगळे तटाच्या आत. दोन शतकांनी, १८०८ ते १८११ या काळात, गव्हर्नर जनरल डांडेल्स याने किल्ला आणि तट पाडले आणि कारभार दक्षिणेकडे हलवला. भिंत गेली, नाव राहिले. जुन्या शहराला लोक ‘कोता’ म्हणत राहिले आणि तेथील रेल्वे स्थानक आजही ‘जाकार्ता कोता’ आहे. आचेमध्ये १८७४ मध्ये सुलतानाचा वाडा घेतल्यावर डचांनी त्या नगरीला ‘कुताराजा’ म्हटले. १९६२ मध्ये ती बांदा आचे झाली. किल्ला पडूनही त्याचे नाव ज्या वस्तीला चिकटून राहते, ती वस्ती हळूहळू त्या शब्दाचा अर्थच होऊन बसते.

६

हीच घटना मुंबईतही घडली. म्हणूनच तुलना उपयुक्त ठरते. इंग्रजांच्या मुंबईला तट होता. तटाच्या आतील भागाला मराठी-गुजराती बोलण्यात ‘कोट’ आणि बाहेरच्या वस्तीला ‘बाहेरकोट’ म्हणत. १८६० नंतरच्या दशकात बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे नेमके याच उलथापालथीच्या काळात. भिंत गेली, नाव राहिले, येथपर्यंत मुंबई आणि बाताव्हिया बरोबरीने चालतात. पुढे वाटा फुटतात. मुंबईत ‘कोट’ हे एका भागाचे विशेषनाम राहिले आणि काही पिढ्यांत ‘फोर्ट’ या इंग्रजी शब्दाने त्याची जागा घेतली. पुणे किंवा नागपूर यांना ‘कोट’ म्हणावे असे कोणाच्या मनात आले नाही.

याचे कारण दख्खनच्या रचनेत शोधले पाहिजे. होसकोटे त्यासाठी चांगले उदाहरण आहे. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत बंगळूर, होसकोटे, कोलार हा मुलूख विजापूरच्या ताब्यात आला आणि शहाजीराजांच्या जहागिरीत गेला. त्यांचे ठाणे बंगळूरला होते. तेथील दरबारात किती भाषा नांदत होत्या हे जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’वरून समजते, राजवाड्यांनी हा ग्रंथ १९२२ मध्ये प्रकाशात आणला. संस्कृत, मराठी, कन्नड, तेलुगू अशा अनेक भाषांत रचना होत असलेल्या या दरबारात ‘कोट’ आणि ‘कोटे’ हे दोन उच्चार एकाच दिवसात ऐकू येत असणार. त्यानंतरही होसकोटे मराठ्यांच्या इतिहासातून गेले नाही. १७६१ मध्ये तेथील मराठी शिबंदीला बसालतजंगाने वेढले. हैदरअली त्याला येऊन मिळाला आणि किल्ला पडला. ऑगस्ट १७६८ मध्ये हैदरने होसकोट्याजवळ मुरारराव घोरपड्यांच्या तळावर रात्रीचा छापा घातला. त्या मोहिमेच्या इंग्रजी वृत्तान्तांत हे गाव ‘ऊसकोटा’ म्हणून येते.

या साऱ्या घडामोडींत होसकोटे हे ‘घेण्याचे’ आणि ‘सोडण्याचे’ ठिकाण आहे. कोट म्हणजे लष्करी ठाणे. लोक, माल आणि पैसा जेथे असे तिला वेगळे नाव होते : पेठ. बंगळुरात ‘कोटे’ आणि ‘पेटे’ हे भाग आजही नावांनी वेगळे ओळखू येतात. चिक्कपेटे आणि दोड्डपेटे ही व्यापाऱ्यांची, कोटे हा सत्तेचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण वेगळे आणि साहुकारांचे वेगळे आहे. पेठा वसवण्याचा उपदेश दुसऱ्या प्रकरणात येतो. मराठी राज्यव्यवहाराने गड आणि पेठ यांना दोन निराळ्या चिंता मानले. शिवाय शहराच्या अर्थासाठी नगर, पूर, कसबा आणि शहर हे शब्द आधीच उभे होते. कोटाला वर चढायला जागाच नव्हती. तो ‘भुईकोट’, ‘पडकोट’, ‘गडकोट’ अशा समासांत दगडाशी बांधलेला राहिला.

राज्यव्यवहारकोशाचीही येथे आठवण होते. फारसी-दख्खनी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या या कोशात दुर्गवर्ग स्वतंत्र आहे. त्याच्या रचनेशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या रघुनाथपंत हणमंत्यांचे घराणे कर्नाटकातील भोसल्यांच्या कारभारातले. औपचारिक परिभाषेने ‘दुर्ग’ हा अभिजात शब्द उचलला. फारसीच्या दाराने ‘किल्ला’ आधीच आला होता. या दोघांच्या मध्ये देशी ‘कोट’ बोलण्यात आणि स्थलनामांत राहिला. राजकीय संज्ञा मात्र झाला नाही.

एका साधित शब्दाने मात्र मराठीत किल्ल्यातून शहरात प्रवेश केला. तो म्हणजे ‘कोतवाल’. बहुतेक कोशकार त्याचे मूळ ‘कोट्टपाल’ असे देतात. अकराव्या शतकात गझनीच्या दरबाराचा इतिहास लिहिणाऱ्या बैहकीच्या फारसी ग्रंथात कोतवाल हा किल्ल्याचा अधिकारी आहे. मोगल काळात तो शहराच्या बंदोबस्ताचा अधिकारी झाला. पेशवाईत पुण्याच्या कोतवालीची सत्ता किती वाढली हे घाशीरामाच्या १७७७ ते १७९१ या कारकिर्दीने दाखवले; तेंडुलकरांच्या १९७२ मधील नाटकाने ते नाव सर्वतोमुखी केले. पुढे महाराष्ट्राच्या महसूल व्यवस्थेत कोतवाल हे गावपातळीवरील सर्वांत खालचे पद होऊन बसले.

‘वालिकोता’ आणि ‘कोतवाल’ हे शब्द शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात अरबी मूळचा ‘वाली’, म्हणजे पालक किंवा कारभारी. दुसऱ्यात संस्कृत ‘पाल’, म्हणजे रक्षक. दोन्हींचा शब्दशः अर्थ कोटाचा रखवालदार. एकाला आज लोक मतदानाने निवडतात आणि तो शहराचा प्रथम नागरिक असतो. दुसऱ्याने पुण्यावर हुकमत गाजवली आणि अखेर तलाठ्याच्या हाताखाली दवंडी दिली. व्युत्पत्तीने दोघांना सारखीच शिदोरी दिली होती. त्यांच्या दैवात पडलेला फरक संस्थांनी केला.

७

या तुलनेतून तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने काय घ्यावे?

आपल्याकडे ‘प्रभाव’ ही कल्पना दीर्घकाळ देणाऱ्याच्या बाजूने मांडली गेली. १९२६ मध्ये कलकत्त्यात बृहत्तर भारताचा अभ्यास करणारी संस्था स्थापन झाली. १९२७ मध्ये रवींद्रनाथ जावा-बालीला गेले. १९३७ पासून रमेशचंद्र मजुमदारांचे ‘सुवर्णद्वीप’ प्रसिद्ध झाले. या साऱ्या कामाने अमूल्य सामग्री पुढे आणली; पण तिच्या मांडणीत द्वीपसमूह बहुधा घेणारा आणि भारत देणारा राहिला. माझी ती व्याख्यानातील यादी याच सवयीतून आली होती. ‘कोट’ या शब्दापुढे ही मांडणी दोन ठिकाणी तुटते. एक तर देणारी भाषा स्वतः घेणारी निघते. दुसरे म्हणजे, घेणाऱ्याने शब्दाशी जे केले ते देणाऱ्याने कधी केलेच नव्हते. कोटाचे शहर आणि शहराचे घटनात्मक एकक ही सारी बांधणी तिकडची आहे. तिचे श्रेय होसकोट्याला, पुण्याला किंवा काशीला देता येणार नाही.

हाच मुद्दा घराजवळ आणला तर अधिक अवघड होतो. शं. बा. जोशी यांनी १९५२ मध्ये ‘मऱ्हाटी संस्कृती’ या ग्रंथात महाराष्ट्रातील स्थलनामांत आणि दैवतांत कन्नडाचा जुना थर दाखवला. विश्वनाथ खैरे यांचे ‘द्रविड महाराष्ट्र’ १९७७ मध्ये आले. त्यांच्या सगळ्या व्युत्पत्ती मान्य होण्यासारख्या नाहीत. परंतु त्यांवर उठलेल्या वादांत भाषाशास्त्रापेक्षा मालकीची भाषा अधिक ऐकू येते. गावाच्या नावात कोणाचा शब्द आहे यावरून गाव कोणाचे हे ठरवण्याची घाई सीमाभागाच्या दोन्ही बाजूंनी झालेली आहे. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे जमिनीचा सातबारा नव्हे. अक्कलकोटातील ‘कोट’ द्राविड मूळचा आहे म्हणून अक्कलकोट कमी मराठी होत नाही आणि शहाजीराजांच्या जहागिरीत होते म्हणून होसकोटे कमी कन्नड होत नाही. जाकार्तातील प्रवासी ‘कोता’ स्थानकावर उतरताना तमिळ, कन्नड, संस्कृत यांपैकी कोणाचे ऋण फेडत नसतो. तो आपल्या शहरात उतरत असतो.

म्हणून व्युत्पत्तीला शेवटचे उत्तर मानण्यापेक्षा पहिला प्रश्न मानणे अधिक फलदायी आहे. शब्द कोठून आला हे समजल्यावर, तेथे पोहोचल्यानंतर त्याला कोणते काम मिळाले, कोणत्या शब्दांनी त्याच्यासाठी जागा सोडली किंवा अडवली, कोणत्या कायद्याने त्याला बसवले, हे विचारावे लागते. ‘कोट’ या एका शब्दासाठी हे विचारले तेव्हा मजपहितचे काव्य, आज्ञापत्र, पेशव्यांची कोतवाली आणि इंडोनेशियाची घटना एकाच पटावर आली. ‘नेगारा’, ‘बांग्सा’ आणि ‘मेंतेरी’ या शब्दांसाठी हे काम मराठीत अजून व्हायचे आहे.

होसकोट्याला आज महामार्ग आणि बंगळूरची वाढती वस्ती येऊन भिडली आहे. किल्ला ज्यासाठी बांधला तो उद्देश केव्हाच संपला, आणि मोठ्या शहराचा भाग होण्याच्या वाटेवर हे गाव आहे. तम्मेगौडाच्या कोटाला जे कन्नडात चार शतकांत साधले नाही, ते ‘शहर’ होणे आता त्याच्या वाट्याला येत आहे. नावात मात्र तो ‘नवा किल्ला’च राहील. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे : कोटे हा शब्द संस्कृत झाला, मराठी झाला, जावानीज झाला आणि इंडोनेशियन झाला, या सगळ्या काळात तो कन्नडही राहिला.